कठीण बी

जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत मी दाणे मोजते.
शंभराच्या चार ओळी, ओल्या कागदाची गुंडाळी,
पंचवीस अंश, सात दिवस. मग उलगडायचं.
उगवलेले, वाकडे उगवलेले, मेलेले.
चौथा रकाना असतो, तो नंतर.

टाकळकर सर आमच्या वर राहतात. तर्कशास्त्र शिकवायचे.
बारा दिवसांनी नळ येतो तेव्हा खाली उतरतात
आणि हंडा भरेपर्यंत माझा धर्म तपासतात.
"शिकलेली बाई तू, अन् सोन्याच्या पत्र्यांवर विश्वास ठेवायलीस?
कुठंयत पत्रे? देवदूत घेऊन गेला!
माझ्या वर्गात असतीस तर म्हणलो असतो,
वही शेळीनं खाल्ली म्हण, ते तरी पटंल."

मी हसते. मला घोड्यांचंही माहीत आहे,
जे त्या मुलखात तेव्हा नव्हतेच म्हणतात.
टोपीत तोंड घालून दगडात वाचलेलं माहीत आहे,
आणि एकेकाच्या कितीतरी बायका.
सरांना ठाऊक नाही तेही मला ठाऊक आहे:
एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरपर्यंत आमच्या मंडळीत
काळ्या माणसाला याजकपद नव्हतं.
ते वाचलं त्या रात्री आजोबा खोलीत आले,
पण जवळ नाही बसले. बदनापूरकडच्या आडापासून
जेवढे लांब उभे राहायचे, तेवढेच लांब.
काही बोलले नाहीत.
त्यांना द्यायचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

"मग तरी का?" हंडा अर्धा झालेला असतो.
मी हैदराबादला डिप्लोमा करत होते, सर.
पांढऱ्या शर्टातली दोन पोरं आली, घामानं निथळत,
हिंदी मोडकी. एकानं विचारलं,
तुमच्या पणजीचं नाव काय?
मी आईला फोन केला, आईनं मावशीला,
मावशीनं कुणाकुणाला. तिसऱ्या दिवशी नाव आलं.
सटवी.
मी ते वहीत लिहिलं. त्याआधी कुठल्याच कागदावर नसावं.

"हे कारण झालं. पुरावा नव्हे.
अन् मेलेल्यांच्या नावानं बाप्तिस्मा घेता तुम्ही,
त्यांना विचारता का?"
खरं आहे.
सटवीला कधीच कुणी काही विचारलं नव्हतं.
मीही नाही.

याकोबकाकांचं वेगळं. ते म्हणतात, तुम्ही ख्रिस्तीच नव्हेत,
मिशनच्या कब्रस्तानात जागा मागू नका.
शेजारीण म्हणते, चहा पीत नाही असा कुठं देव असतो का.
तिचा प्रश्न मला जास्त अवघड जातो,
विशेषतः डिसेंबरात.

एकदा सरांना मी आमची घाईची चाचणी सांगितली.
दाणा उभा चिरायचा, औषधात बुडवायचा,
जिवंत असेल तर आतला गर्भ लाल होतो.
उत्तर पक्कं. तो दाणा मात्र
आता कुठल्याच मातीत टाकता येत नाही.
सर गप्प झाले. मग म्हणाले,
"ही उपमा आहे. उपमेनं काही सिद्ध होत नाही."
हो सर, म्हणाले मी.
हंडा तोवर वाहून जिन्यापर्यंत ओघळ गेला होता.

चौथा रकाना कठीण बियांचा.
सात दिवस ओलीत राहून थेंबही न प्यालेली,
बोटानं दाबली तर टणक. मेलेली नाहीत.
मुगाला नियम आहे, ती उगवलेल्यांत धरायची.
सोयाबीनला नाही.
कुणी ठरवलं, विचारू नका. मी फक्त आकडा लिहिते.

रविवारी आम्ही तिघं-चौघं बसतो. द्राक्षरस नाही आमच्यात,
पाणी. तुरटी फिरवलेलं, नळाचं.
पावाचे तुकडे मी करते,
प्रार्थना म्हणायचा अधिकार माझ्या धाकट्या भावाला,
बारावीला दोनदा बसलेल्याला. (हेही मला माहीत आहे, सर.)
एक शब्द जरी चुकला तरी पहिल्यापासून म्हणावी लागते.
तो चुकतो. पुन्हा सुरू करतो. त्याच जागी अडतो.
डोळे मिटलेले, पाणी वाटीत स्थिर,
पंखा बंद.

आणि जिन्यावरून खाकरत
सर तो शब्द सांगतात.